खाडी आडवी येते, तोच रस्ता धरा

कोकणात सायकल चालवायला जाणार असाल, तर मुंबई–गोवा महामार्ग आधी मनातून काढून टाका. राष्ट्रीय महामार्ग ६६ हा मालट्रकांचा, टँकरांचा आणि रात्रीच्या आरामबसचा रस्ता आहे. चौपदरीकरणानं तो रुंद झाला, पण त्या रुंदीतलं सायकलीच्या वाट्याला काही आलं नाही. वाढला तो गाड्यांचा वेग. शिवाय त्या रस्त्यावरून समुद्र दिसत नाही. बहुतेक ठिकाणी तो वीस-पंचवीस किलोमीटर किंवा त्याहूनही लांब, पश्चिमेला राहतो.

समुद्राच्या अंगानं दुसरा रस्ता आहे. रायगडातल्या रेवस-मांडव्यापासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत तो जातो. सागरी महामार्ग या नावानं कागदावर तो बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून आहे. प्रत्यक्षात मात्र तो गावांना गावं जोडत जाणारा, बऱ्याच ठिकाणी एक गाडी पुरती मावेल एवढाच डांबरी रस्ता आहे. एका बाजूला माडा-पोफळीची आगरं, दुसऱ्या बाजूला जांभ्या दगडाचा गडगा. मधेच चढून तो जांभ्याच्या सपाट सड्यावर येतो, पलीकडे उतरतो आणि खाडीपाशी संपतो. समोरच्या तीरावर पुन्हा सुरू होतो.

तो शांत राहिला आहे तो या संपण्यामुळे. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात आणि मुखाशी रुंद खाड्या करतात. सावित्रीची बाणकोटला, वाशिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला, शिवाय मुरूड-दिघीमधली राजपुरीची खाडी. ज्याला घाईनं रत्नागिरी किंवा मालवण गाठायचं आहे तो असल्या रस्त्याला फिरकतच नाही. मालट्रक तर नाहीच नाही. मग उरते ती फक्त गावची रहदारी : एसटी, रिक्षा, मासळीचा टेम्पो, दुचाक्या, शाळेची मुलं. मोटारवाल्याला अडवणारी खाडी सायकलवाल्याची सगळ्यात मोठी सोबतीण आहे.

म्हणून माझं सांगणं आहे की या हिवाळ्यात चार दिवस काढा आणि हा रस्ता सायकलवरून पाहा. तरुणांनी पाहावाच, पण मी हे विशेष करून चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना सांगतो आहे. शहरात सायकल बाहेर काढायची ज्यांना धास्ती वाटते, आपलं वय गेलं असं ज्यांनी ठरवून टाकलं आहे, त्यांच्यासाठी हा रस्ता आहे.

एक खुलासा आधीच करतो. या रस्त्यावर मोटारींना बंदी नाही. माथेरानसारखं मोटारगाडीच नसलेलं गाव किनाऱ्यावर नाही. इथली शांतता वेळेवर अवलंबून आहे. सोमवार ते गुरुवार, उजाडल्यापासून साधारण दहापर्यंत, कित्येक पट्ट्यांत तुम्हाला मोजक्याच गाड्या भेटतील. तोच रस्ता शनिवारी दुपारी वेगळा असतो. नाताळ ते एक जानेवारी, गणपतीचे दिवस, मे महिन्याची सुट्टी, दिवाळीनंतरचा आठवडा, या काळात सायकल घेऊन जाऊच नका. गणपतीपुळ्याला अंगारकीच्या दिवशी, अलिबाग-काशीदला कुठल्याही शनिवार-रविवारी, तारकर्लीला डिसेंबरअखेर सायकल चालवणं म्हणजे मनस्तापच. वेळ पाळली तर हा रस्ता तुमचा आहे, नाही पाळली तर तो इतर रस्त्यांसारखाच आहे.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पावसात कोकण सुंदर दिसतं, पण उतारांवर शेवाळ धरतं आणि वळणावर चाक सटकतं. तेव्हा नवख्यानं जाऊ नये. मार्चपासून उकाडा अंगावर येतो.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते इथे पायांना कळतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे हलका गार वारा असतो, दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो आणि या दिवसांत तो बहुधा वायव्येचा असतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीशी किंवा कुशीला मिळतो, उलट येणाऱ्याच्या छातीवर बसतो. चाळीस किलोमीटर झाल्यावर हा फरक फार मोठा वाटतो.

सुरुवात मुंबईतून करणाऱ्यांनी वडखळमार्गे अलिबागला जायच्या फंदात पडू नये. त्या रस्त्यावर अवजड वाहनं सतत असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे. सायकल घेऊन बोटीत चढायचं, तासाभरात मांडव्याला उतरायचं. तिथून अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड असा पहिला पट्टा. कोर्लईत जरूर थांबा. किल्ल्याच्या पायथ्याच्या वाडीत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली घरोघरी बोलली जाते. पोर्तुगीज गेले त्याला पावणेतीनशे वर्षं झाली, बोली राहिली. मुंबई जवळ असल्यामुळे या पट्ट्यावर गाड्या जास्त आहेत, म्हणून तो मधल्या वारीच करावा.

आगरदांड्याला आलात की पहिली मोठी खाडी. इथून फेरीबोट दिघीला जाते. आता फेरीबोटीबद्दल एक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. बोट लागली की सगळ्या गाड्या घाईनं उतरतात आणि एकामागोमाग एक अरुंद रस्त्याला लागतात. त्यांच्यात घुसू नका. सगळ्यात शेवटी उतरा. जेटीवरच्या टपरीवर चहा घ्या, बाटल्या भरून घ्या. दहा-पंधरा मिनिटांत तो घोळका पुढे निघून जातो आणि दुसरी फेरी येईपर्यंत रस्ता जवळजवळ रिकामा असतो. बहुतेक खाड्यांवर पुढची बोट यायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. तेवढ्यात तुम्ही बरंच अंतर सहज काढता. सागरी रस्त्यावर वाहनांपासून मोकळं राहण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. बोटीच्या लोखंडी फळीवर मात्र सायकलवरून उतरून चाला. ती ओली असते आणि तेलकटही.

दिघीला बंदर आहे. बंदराकडे जाणारे ट्रक टाळून किनाऱ्याच्या गावांतून दिवेआगरला या. आणि दिवेआगर ते श्रीवर्धन हा टप्पा सकाळसाठी राखून ठेवा. संपूर्ण किनाऱ्यावर समुद्राला इतका चिकटून, इतका वेळ चालणारा रस्ता दुसरा नाही. शेखाडी, आरावी ही गावं वाटेत लागतात. डावीकडे डोंगर, उजवीकडे सरळ खाली पाणी, मधे रस्ता. चढ आहेत पण दमछाक करणारे नाहीत. वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर आहे. कुणी सायकलवर नुकतंच बसायला लागलं असेल आणि मला विचारलं की एकच दिवस आहे, कुठे जाऊ, तर मी हाच टप्पा सांगतो. दिवेआगरला मुक्काम करा, सहाला उठा, सातला निघा, जागोजागी थांबा, दहाला श्रीवर्धनात पोचा. श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथांचं मूळ गाव. तिथून हरिहरेश्वर आणि बागमांडला असं गेलं की पुढे बाणकोटची खाडी.

बागमांडल्याहून वेश्वीला बोटीनं उतरलं की रत्नागिरी जिल्हा लागतो. बाणकोटनंतर वेळास. नाना फडणवीसांचं हे गाव आता ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखलं जातं. हिवाळ्यात माद्या रात्री पुळणीवर अंडी घालून जातात आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिल्लं समुद्राकडे निघतात. घट्ट वाळूवर सायकल चालवायचा मोह अनेकांना होतो. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कासवांच्या गावांत तो कटाक्षानं आवरा. रात्री दिवे लावून किनाऱ्यावर हिंडूही नका. कासवांचं सोडा, खाऱ्या वाळूनं सायकलचंही वाटोळं होतं.

पुढे भारजा नदीच्या खाडीला वळसा घालून केळशी. तिथून आडे, पाडले, आंजर्ले हा समुद्राकाठचा छोटा रस्ता फार सुरेख आहे. मग हर्णै, मुरूड (हे दुसरं), कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ. हर्णैला मासळीच्या लिलावाच्या वेळी बंदराच्या आसपास टेम्पोंची गर्दी असते, एवढं ध्यानात ठेवा. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट २००३ पासून चालू आहे. ती सुरू होण्यापूर्वी गाडीनं गुहागरला जायचं तर चिपळूणपर्यंत जाऊन मागे यावं लागे. गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ हा भाग सायकलवाल्यांनी अजून पुरता ओळखलेला नाही. इथे चढ-उतार जास्त आहेत, माणसं मोजकी आणि गाड्या त्याहून मोजक्या.

तवसाळहून बोटीनं जयगड. इथेही बंदर आणि वीजप्रकल्प आहे, त्यामुळे जयगड–निवळी या रस्त्यावर अवजड वाहनं धावतात. तो रस्ता टाळून शक्य तितक्या लवकर मालगुंडकडे वळा. केशवसुतांचं जन्मघर तिथे जपलेलं आहे. गणपतीपुळ्यानंतर आरे-वारेचा चढ. वर पोचल्यावर दोन्ही पुळणी एकदम खाली दिसतात. तिथे मोटारवाले फोटोसाठी मध्येच थांबतात, तेव्हा उतारावर वेग आवरा.

आता रत्नागिरीच्या दक्षिणेबद्दल जरा सावकाश सांगतो, कारण पर्यटकांची धाव बहुधा गणपतीपुळ्याला संपते आणि मग थेट मालवणला पुन्हा सुरू होते. मधला राजापूरचा किनारा त्यांच्या गावी नाही. भाट्याचा पूल ओलांडून पावसला या. स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर इथे आहे. पावसपर्यंत रत्नागिरीची थोडी रहदारी असते. पुढे पूर्णगड. मुचकुंदीच्या मुखावर टेहळणीला बसवलेला लहानसा किल्ला, आणि नदीवरचा पूल ओलांडला की गावखडीची लांबच लांब पुळण आणि सुरूचं बन. बनातून जाताना दुपारीसुद्धा सावली असते. तिथून सड्यावर चढून कशेळी. कनकादित्याचं देऊळ पाहा, सूर्यमंदिरं कोकणात फार नाहीत. मग आडिवऱ्याची महाकाली, वेत्ये, आंबोळगड, नाटे. नाट्याच्या यशवंतगडाखालून राजापूरच्या खाडीवरचा पूल ओलांडला की जैतापूर.

सडा ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगणं कठीण आहे. काळसर-तांबडा जांभा दूरवर सपाट पसरलेला, त्यावर पिवळं पडलेलं गवत, मधेच चिऱ्याची खाण, लांब कुठेतरी पाण्याची रेघ. या सड्यावर सकाळी आठला उभं राहिलात तर किती तरी वेळ इंजिनाचा आवाज येत नाही. ज्यांना शहरात रात्रीही शांतता मिळत नाही त्यांनी यासाठी एवढ्या लांब यावं असं मला मनापासून वाटतं. चिरेखाणीचे डंपर मात्र काही ठिकाणी असतात. ते भरधाव येतात. आवाज आला की रस्ता सोडून बाजूला उभे राहा, हुज्जत घालू नका.

सिंधुदुर्गातला किनारा बराचसा पुलांनी जोडलेला आहे, म्हणून बोटी कमी. तरी देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण हा पट्टा आठवड्याच्या दिवसांत निवांत मिळतो. मालवणातून कर्ली खाडीवरचा पूल ओलांडून परुळे, भोगवे, निवती, वेंगुर्ले. वेंगुर्ल्याहून मोचेमाडची खाडी वरून पाहत आरवलीला उतरा. वेतोबाला भाविक भल्या मोठ्या चपला वाहतात ते देऊळ इथलंच, आणि जयवंत दळवींचं गावही हेच. शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला आणि वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत मास्तर होते. रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत. खनिजाची वाहतूक चालू असेल त्या दिवशी तो भाग गावात विचारूनच करा. तेरेखोलला पोचलात की फेरीबोटीनं पलीकडे गोव्यातलं केरी.

गोव्यात किनाऱ्यालगत सायकल चालवण्याचा आग्रह मी कुणाला करणार नाही, गाड्या फार झाल्या आहेत. पण मांडवीतल्या दोन बेटांवर जरूर जा. चोडणला रायबंदरहून फेरी आहे, दिवाडीला जुन्या गोव्याहून. दिवाडीला आजही पूल नाही. जो येतो तो बोटीनंच. त्यामुळे खाजनांमधल्या बांधावरून जाणारे तिथले रस्ते घरच्या लहान मुलांना घेऊन फिरण्याजोगे आहेत. लेकराला पहिल्यांदा रस्त्यावर सायकल चालवू द्यायची असेल तर मला यापेक्षा बरी जागा सुचत नाही.

सगळं एका दमात करायला जाऊ नका. दिवसाला तीस ते पन्नास किलोमीटर पुरे. नकाशावर अंतर कमी दिसतं, पण प्रत्येक खाडीपाशी उतरून पुन्हा सड्यावर चढायचं असतं आणि हे दिवसातून तीन-चारदा होतं. चढ फार उंच नसले तरी उभे असतात. चढावर सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा नाही. गुडघ्यांनी ऐकलं नाही तर बॅटरीची सायकल घ्या; तीही इथे चालेल, फक्त मुक्कामी चार्जिंगची सोय विचारून ठेवा.

चढापेक्षा दमटपणा जास्त त्रास देतो. घाटावरच्या माणसाला हे लवकर कळत नाही, कारण घाम येतो पण सुकत नाही, आणि अंगातलं मीठ निघून जात असतं. तहान लागायच्या आधीपासून घोट घोट पाणी घ्या. सकाळी निघण्यापूर्वी ज्या घरी उतरला असाल तिथे उकड्या तांदळाची पेज मागा, मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे खाऊन नांगर धरला आहे, सायकलवाल्याला त्याहून चांगली न्याहारी बाजारात मिळत नाही. वाटेत शहाळं, कोकम सरबत, केळी. डोकं ठणकायला लागलं, उन्हात अंगावर काटा आला, घाम यायचा थांबला, तर तिथेच सावलीत बसा, डोक्यावर पाणी ओता आणि त्या दिवशी पुढे जाऊ नका. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, पण खाडीच्या खोलगट भागात मोबाइलला रेंज नसते. म्हणून एकटे जाऊ नका, निदान दोघं तरी असा. रोख पैसे जवळ ठेवा, त्याच कारणानं.

सायकल महागाची लागत नाही. गिअरची साधी सायकल, जरा जाड टायर, चांगले ब्रेक, एवढं पुरतं. वळणांवर जांभ्याची बारीक खडी आणि समुद्राजवळ वाळू पसरलेली असते, बारीक टायर तिथे घसरतो. उताराला लागण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून बघा. खारी हवा साखळीला दोन दिवसांत गंज चढवते. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसा, कोरडी करा, तेलाचे थेंब टाका. सायकलचं दुकान फार तर तालुक्याच्या गावी मिळेल, म्हणून दोन ट्यूब, पंप आणि पाने जवळ हवेत, आणि पंक्चर काढायला घरीच शिकून निघा. हेल्मेट घाला. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. माडांच्या गर्द सावलीत उन्हातून आलेल्या चालकाला सायकल दिसत नाही. अंधारात चालवू नका.

परत यायला कोकण रेल्वे आहे. सायकल पार्सल म्हणून ब्रेकव्हॅनमधून जाते, पण त्याची चौकशी पार्सल कार्यालयात आधीच करायला हवी आणि लहान स्टेशनांवर गाडी फार थोडा वेळ थांबते. रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी ही त्या मानानं सोयीची स्टेशनं. राहायला निवास-न्याहारीची घरं जवळजवळ प्रत्येक गावात आहेत. मोठी हॉटेलं शोधू नका. तुमचे पैसे ज्या वाडीतून तुम्ही जाता त्या वाडीत राहिले पाहिजेत.

आणि हा रस्ता गावाचा आहे हे विसरू नका. भातकापणीनंतर रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं असतं, कोळीवाड्यात सुकी मासळी असते. त्यावरून चाक नेऊ नका, उतरून बाजूनं जा. वळणावर घंटी वाजवा. एका ओळीत चाला. आंब्याच्या कलमांत गडगा ओलांडून शिरू नका. देवळात जाताना घट्ट कपड्यांवर काहीतरी पांघरा. शिमग्यात पालखी समोर आली तर उतरा, बाजूला उभे राहा, नमस्कार करा. कुणी रस्ता सांगितला, पाणी दिलं, तर दोन मिनिटं थांबून बोला. काकांना, मावशींना कुठून आलात हे जाणून घ्यायचं असतं, आणि पुढची बोट किती वाजता आहे, कुठल्या पुलाचं काम चालू आहे, ही माहिती त्यांच्याइतकी ताजी कुणाकडेच नसते.

पुलांचं बोललो, तर ते पुरतंच बोलतो. रेवस ते रेडी हा सुमारे पाचशे किलोमीटरचा मार्ग रुंद करून मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं काम राज्य रस्ते विकास महामंडळानं हाती घेतलं आहे. पूल होऊ नयेत असं मी म्हणणार नाही. अडलेल्या बाळंतिणीला शेवटच्या बोटीनंतर खाडी ओलांडता येत नाही, हे ज्यांच्या घरात घडतं त्यांना शांतता टिकवा म्हणून सांगायचा मला अधिकार नाही. पण पूल होताना दोन गोष्टी मागता येतात आणि त्या आत्ताच मागाव्या लागतील, काँक्रीट पडल्यावर उपयोग नाही.

पहिली, प्रत्येक पुलावर कठड्यानं वेगळी केलेली चालणाऱ्यांची आणि सायकलींची पट्टी. शाळेत जाणाऱ्या मुलांना आणि टोपली घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायकांना ती पाहुण्यांपेक्षा जास्त लागणार आहे. दुसरी, नवा रुंद रस्ता जिथे गावाबाहेरून जाईल तिथे जुना किनाऱ्यालगतचा रस्ता रुंद न करता आहे तसा ठेवणं, आणि त्यातल्या निवडक टप्प्यांवर आठवड्यातून एक सकाळ मोटारी बंद ठेवणं. गावच्या लोकांच्या गाड्या, एसटी आणि रुग्णवाहिका सोडून. हे अशक्य नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर मोटारींना मनाई करता येते. मुंबईत २०२२ मध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसह काही रस्ते मोटारींना बंद करून लोकांना चालायला, सायकल चालवायला दिले होते. जे मरीन ड्राइव्हवर झालं ते दिवेआगर–श्रीवर्धन रस्त्यावर मागायला काय हरकत आहे?

ही मागणी गावाकडून आली पाहिजे. ज्यांचं मूळ घर किनाऱ्यावर आहे, त्या चाकरमान्यांनी पुढच्या ग्रामसभेला हा विषय लेखी द्यावा. ज्यांचं घर नाही, त्यांनी या हिवाळ्यात जाऊन तिथे राहावं, खावं, आणि निघताना घरमालकांना व सरपंचांना सांगावं की आम्ही सायकलसाठी आलो, रस्ता असाच राहिला तर पुन्हा येऊ. निवास-न्याहारीच्या घरात नोंदवही असते. तिच्यात नाव लिहिताना वाहनाच्या रकान्यात ‘सायकल’ लिहा. अशा नोंदी वहीत साठल्या की सरपंचांना ग्रामसभेत दाखवायला काहीतरी हातात असेल.